लेकीचं स्पेन, सोरोरिटीचं घर आणि माझी सही

गंगावेस

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो, मूळचे कोल्हापूरचे. लेक इथेच जन्मलेली, इलिनॉयमधल्याच एका स्टेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. सायकॉलॉजी, आणि जोडीला स्पॅनिश. गेल्या वर्षी सप्टेंबरात किंचाळत फोन आला, "आई, मला बिड मिळालं!" मला कळेना, कसल्या लिलावात उतरली ही. मग उलगडलं, सोरोरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना, आणि बिड म्हणजे तिचं बोलावणं. आधी बरेच दिवस अशा संघटनांच्या घरोघरी जाऊन गप्पा मारायच्या, मग त्यांनी हिला निवडायचं आणि हिने त्यांना. म्हणजे कांदेपोहेच, फक्त पोहे नाहीत. सासूबाईंना मी "महिला मंडळ असतं तसं" असं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग हळदीकुंकू कधी असतं?"

सुरुवातीला मीही नाक मुरडलं होतं. पण पोरगी तिथे रुळली हे खरं. पहिला महिना रोज रात्री रडणारी ती, आता रविवारी सभेला उशीर होतोय म्हणून माझा फोन कट करते. तिची एक 'बिग' आहे, म्हणजे मानलेली थोरली बहीण. हिला ताप आला तेव्हा त्या मुलीने रात्री अकराला सूप नेऊन दिलं. आम्ही गाडीने दोन तासांवर, आम्ही काय करणार होतो?

आता गुंता. पुढच्या वर्षीचं पहिलं सेमिस्टर, ऑगस्ट ते डिसेंबर, तिला स्पेनमध्ये सेव्हियाला करायचंय. जानेवारीत जाता येत नाही, कारण तिचा एक लॅबचा कोर्स फक्त तेव्हाच असतो. आणि त्याच वर्षी तिला सोरोरिटीच्या घरात राहायचंय. त्याचा करार मागच्या महिन्यात आला. ऑगस्ट ते मे, दोन्ही सेमिस्टर, एका सेमिस्टरचे 5,200 डॉलर, जेवणासकट.

तो करार आला तेव्हा मी थालीपिठाची भाजणी मळत होते. फोन वाजला, लेकीचा मेसेज, "आई पटकन साइन कर, आज शेवटचा दिवस." दोन्ही हात पिठाने भरलेले. करंगळीने स्क्रीन सरकवत सरकवत खाली गेले आणि करंगळीनेच डॉक्युसाइन केलं. अकरा पानं. एकही वाचलं नाही. मी पंधरा वर्षं अकाउंट्समध्ये काम करते, हे इथे लिहिताना लाज वाटतेय.

भरीस भर म्हणून येत्या रविवारी त्यांच्या निवडणुका आहेत. नवीन मुलींना शिकवणारं जे पद असतं त्याला ती उभी राहतेय. मुदत जानेवारी ते डिसेंबर. "आई, स्पेनमधून झूमवर करेन," म्हणते. नवरा म्हणतो, सोरोरिटीच सोड, कटकट मिटेल. कुणी यातून गेलंय का?

बापू_ह्यूस्टन

वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वर्गणी भरून मैत्रिणी मिळवायच्या हे मला आजवर समजलेलं नाही. आम्ही वालचंदच्या हॉस्टेलवर चार वर्षं काढली, मित्र फुकट मिळाले, ढेकूणही फुकट. तुमच्या मिस्टरांशी सहमत. स्पेनला पाठवा, बाकी सोडा.

पिंपळपान

बापूकाका, सोडणं इतकं सोपं नाहीये, म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. मी ओहायोत वाढले, चार वर्षं सोरोरिटीत होते, त्यातलं एक वर्ष खजिनदार. मराठी शाळेतलं मराठी आहे, चुका पोटात घाला.

ताई, पहिली गोष्ट. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स म्हणून बऱ्याच मोठ्या सोरोरिटींची शिखर संस्था आहे, 1902 पासूनची. त्यातल्या एकीची दीक्षा, म्हणजे इनिशिएशन, झालं की तिच्यातल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत जाता येत नाही. पुढे कधीच नाही. राजीनामा दिला आणि डिसेंबरात परत आल्यावर एकटं वाटलं, तर दार बंद. त्यामुळे बाबांचा सल्ला निदान सहा महिने बाजूला ठेवा.

दुसरी. परदेशी सेमिस्टरला जाणाऱ्यांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी सोय असते. त्या सेमिस्टरपुरती वर्गणी कमी होते, सभांना गैरहजेरीचा दंड लागत नाही, सभासदत्व मात्र राहतं. पण ते आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो, तोही मुदतीत. मी खजिनदार असताना एक मुलगी लंडनला गेली ती अर्ज न करताच. तिला पूर्ण सेमिस्टरचं बिल गेलं. बिल मीच पाठवलं होतं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तिसरी, आणि तुमची खरी अडचण ही. घर मुलींच्या मालकीचं नसतं. ते बहुतेक ठिकाणी हाउस कॉर्पोरेशनचं असतं. ती वेगळी संस्था, माजी सभासद बायका चालवतात, आणि घरकर्ज, छपराची दुरुस्ती, आचाऱ्याचा पगार हे सगळं त्यांच्या डोक्यावर. म्हणून त्यांना दोन्ही सेमिस्टर सगळ्या खाटा भरलेल्या लागतात. चॅप्टरच्या, म्हणजे सोरोरिटीच्या त्या कॉलेजातल्या शाखेच्या, अध्यक्ष मुलीने "काही नाही गं, बघू" म्हटलं तरी त्याला अर्थ नाही, ते तिच्या हातातच नसतं. कॉर्पोरेशनला लेखी विचारा.

यावर आमच्याकडचा तोडगा: जोडी जमवणं. पहिल्या सेमिस्टरला बाहेर जाणारी एक आणि दुसऱ्या सेमिस्टरला जाणारी एक, दोघींत मिळून एक खाट. तुमची मुलगी ऑगस्टमध्ये नसेल तेव्हा दुसरी राहील, ती जानेवारीत गेली की ही येईल. खाट वर्षभर भरलेली, कुणाची तक्रार नाही. जानेवारीत जाणाऱ्या मुली बऱ्याच असतात, त्यामुळे तुमच्या मुलीला जोडीदारीण मिळायला हरकत नाही. फक्त आत्ताच शोधायला सांगा, मार्चपर्यंत सगळ्यांच्या जोड्या जमून जातात.

आणि पद. नवीन मुली येतात कधी? सप्टेंबरात. त्यांना शिकवायचं कधी? सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे त्या पदाचं ऐंशी टक्के काम नेमकं ती सेव्हियाला असताना. झूमवर काय करणार? रात्री दोन वाजता एखादी नवीन मुलगी रडत असते तेव्हा तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसायचं, हे ते काम. तिला पुढच्या वर्षी उभं राहू दे. सेव्हियाहून उमेदवारी पाठवता येते का ते विचारून ठेवायचं.

काकवी

थोडं अवांतर. पोरीची सोरोरिटी देसी आहे का? माझी भाची ऑस्टिनला तसल्या एकीत आहे. 1998 सालीच टेक्सासमध्ये दोन निघाल्या, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनला काप्पा फाय गॅमा. भाचीच्या चॅप्टरला घरबिर नाही, त्यामुळे कराराची भानगडच नाही. पण चौदाच मुली. एक परदेशी गेली की नाचात भोक पडतं. ती मलेशियाला जायची होती, शेवटी उन्हाळ्यात सहा आठवड्यांचं करून आली. तुमच्या मुलीला उन्हाळ्यात नाही का जाता येणार?

गंगावेस

काकवी, नाही, हिची मोठी आहे, दीडशेच्या वर मुली. उन्हाळ्याचं मीही सुचवलं. "आई, सहा आठवड्यांत फक्त मेनू वाचता येतो," असं उत्तर आलं.

पिंपळपान, तुझं मराठी माझ्या लेकीपेक्षा शंभरपट चांगलं आहे. काल रात्री दोघींनी बसून ती अकरा पानं वाचली, मी इकडे, ती तिकडे, स्पीकरवर. सातव्या पानावर आहे. अभ्यासासाठी परदेशी जात असल्यास बदली सभासद आणावी, लेखी मंजुरी घ्यावी, नाहीतर पूर्ण रक्कम देणं लागेल. आणि देणं लागणारी व्यक्ती कोण? खाली माझी करंगळीची सही. तिला वाटत होतं की स्पेनचं पत्र दाखवलं की करार आपोआप रद्द होतो. कुणीतरी मोठ्या मुलीने तिला तसं सांगितलं होतं.

पदाबद्दलचं तुझं लिहिणं तिला वाचून दाखवलं. गप्प बसली. मग म्हणाली, "मला ते पद स्पेनपेक्षा जास्त हवंय की काय तेच कळत नाहीये." मला वाटलं होतं पैशाचा प्रश्न आहे.

ग्वादलकिविर

मी माद्रिदला असतो, त्याआधी तीन वर्षं सेव्हियात होतो. कामाचं तेवढं सांगतो.

मुलगी अमेरिकन नागरिक असली तरी 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर विद्यार्थी व्हिसा लागतोच. 90 दिवसांत परत यायचं तर व्हिसा लागत नाही, पण ऑगस्टअखेर ते डिसेंबर म्हणजे ते गणित बसत नाही. इलिनॉयवाल्यांना शिकागोची वकिलात. प्रवेशाचं पत्र, पैशाची सोय, विमा, हे सगळं मूळ कागद लागतं. पुढच्या उन्हाळ्यात कोल्हापूरला जायचा बेत असेल तर व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. पासपोर्ट तिकडे जमा करावा लागला तर अडकाल.

गाव फार सुंदर. विद्यापीठाचा एक मोठा भाग जुन्या शाही तंबाखूच्या कारखान्यात भरतो, अठराव्या शतकातली इमारत. रस्त्यावर संत्र्याची झाडं, पण तोडून खाऊ नये, कडूजहर असतात. ऑगस्टात पारा चाळिशीला टेकतो, दुपारी दोन ते पाच बाहेर कुत्रं नसतं. रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला, हे आपल्याकडच्यांना जमतं. सेमाना सांता (ईस्टरआधीचा पवित्र आठवडा) आणि फेरिया (गावची मोठी जत्रा) मात्र वसंतात असतात, ते तिचं हुकणार. पण लॅबचा कोर्स आहे म्हणताय, तर इलाज नाही.

शब्दवेल्हाळ

राहवत नाही म्हणून. या संस्था आधी स्वतःला 'बायकांची फ्रॅटर्निटी' म्हणवायच्या. लॅटिनमध्ये फ्रातेर म्हणजे भाऊ, म्हणजे बायकांचा भाऊबंद, विचित्रच. 1874 साली सिराक्यूजला गॅमा फाय बीटा निघाली, तिच्यासाठी तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी 'सोरोरिटी' शब्द काढला. सोरोर म्हणजे बहीण. आणि आपल्या संस्कृतातला स्वसृ त्याच मुळाचा. तेव्हा सासूबाईंना 'भगिनी मंडळ' सांगा, व्युत्पत्तीने अगदी बरोबर.

बापू_ह्यूस्टन

व्युत्पत्ती झाली, आता हिशेब. वहिनी, स्पेनचा कार्यक्रम युनिव्हर्सिटीमार्फतच आहे ना? तिला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत किंवा कर्ज असेल तर मान्यताप्राप्त कार्यक्रमाला ते वापरता येतं, पण आधी फायनान्शियल एड ऑफिसात विचारा. बाहेरच्या कंपनीचं पॅकेज घेतलं तर वेगळी कटकट. आणि पिंपळपान, ढेकणांचा मुद्दा सोडून बाकी सगळं मागे घेतो.

गंगावेस

सगळ्यांना अपडेट देते.

तिने उमेदवारी मागे घेतली, शनिवारी रात्री. स्वतःच. रविवारी सभेहून फोन केला तेव्हा आवाज बसलेला होता. जी निवडून आली ती हिची खास मैत्रीण नाहीये, त्यामुळे जास्त लागलं. मी काही बोलले नाही. वांग्याचं भरीत कसं करायचं ते विचारत होती, ते सांगितलं. त्या घराच्या आचाऱ्याकडून वांगं मागून आणलं होतं म्हणे.

जोडीदारीण मिळाली आहे. एक मुलगी जानेवारीत कोपनहेगनला जाणार आहे. हाउस कॉर्पोरेशनला दोघींनी मिळून मेल केली, उत्तर आलं की अर्ज फेब्रुवारीत घेऊ, तोवर मूळ करार कायम. म्हणजे तोवर माझी करंगळी अडकलेलीच. स्पेनचा अर्ज युनिव्हर्सिटीमार्फतच भरलाय, बापूभाऊजी, आणि ऑफिसात विचारून झालंय.

सासूबाईंना भगिनी मंडळ सांगितलं. "तेच तर मी म्हणत होते," म्हणाल्या.

परवा आणखी एक पीडीएफ आली, परदेशी सेमिस्टरच्या वर्गणीसवलतीचा अर्ज, पालकांची सही हवी. खाली लेकीचा मेसेज: "आई, वेळ आहे. आधी हात धू."