फातोर्ड्याची फायनल: कट्टीमनीला अजून किती वर्षं झोडणार?

डिचोलीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "२०१५ चा कप एफसी गोवाच्या हातात होता, कट्टीमनीने घालवला." डोकंच फिरलं. २० डिसेंबरला इंडियन सुपर लीगची फायनल, गोवा विरुद्ध चेन्नईयिन, मी मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमात, स्टँडात होतो. ८७ व्या मिनिटाला आमच्या जोफ्रेने २-१ केलं तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी मला मिठी मारली, शेंगदाण्यांची पुडी हातातच. ९० व्या मिनिटाला आमचा गोलकीपर कट्टीमनीचा स्वयंगोल. लगेच इंज्युरी टाइममध्ये त्यांच्या मेंडोझाचा गोल. चेन्नईयिन ३-२. काका तसेच उभे, पुडीचा चुरा झालेला. पण मेंडोझाला मोकळा सोडला कुणी? तीन मिनिटं आघाडी टिकली नाही ती अख्ख्या टीमला!

फोंडेकर: ती पोस्ट माझी. गोलकीपर कसा असतो ते बघायचं तर ब्रह्मानंद शंखवाळकर आठवा. १९८४ ची संतोष ट्रॉफी, राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, गोव्याने एकही गोल न खाता जिंकली. नाहीतर हा!

डिचोलीकर: हाच कट्टीमनी, हेच मैदान, २० मार्च २०२२ ची फायनल. हैदराबादच्या गोलात उभा राहून केरळ ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवल्या. ते दिसलं नाही?

फोंडेकर: दिसलं. हैदराबादसाठी अडवल्या. आम्ही काय, ओवाळायचं?

पेडणेकर: मॅचचं राहू द्या. रात्री मडगावहून पेडण्याला यायचं कसं? त्या फायनलनंतर शेवटची बस चुकली, पहाटेपर्यंत बाकावर डास मारत बसलो. फुटबॉल फक्त मडगावकडच्या सासष्टी तालुकावाल्यांनी बघायचं का?

मडगावचा जावई: म्हापशाला धुळेरचं स्टेडियम आहे की. तिथे तरी जाता का तुम्ही? आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की बॉल देतात. तुमच्याकडे जत्रेच्या नाटकात उभं करतात.

पेडणेकर: नाटकाला नावं ठेवू नका हां! आणि शंखवाळकर ताळगावचे. ताळगाव कधीपासून सासष्टीत गेलं?

मडगावचा जावई: एक नाव सापडलं की झालं तुमचं.

डिचोलीकर: अहो, धागा कशावर आहे?

जुना धेंपोवाला: मी आपल्या धेंपो क्लबच्या मॅचना जायचो तेव्हा तुम्ही सगळे कुठे होता? पाच वेळा देशाचे चॅम्पियन. २०१६ ला साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग, गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली, तेव्हा कुणी एक ओळ लिहिली नाही. आणि एका स्वयंगोलावर इतकी वर्षं सुतक!

फोंडेकर: काका, हे मात्र लागलं. मी धेंपोची एकच मॅच बघितली, तीही फुकट पास मिळाला म्हणून. बरं, मेंडोझाचा गोल कट्टीमनीच्या खात्यातून काढा. आधीचा मात्र त्याचाच.

डिचोलीकर: केवढे उपकार! पुढच्या मॅचला गाडी घेऊन जातोय, फोंड्याला तुम्हाला उचलतो. वाटेत कट्टीमनीचं नाव काढलंत तर बोरीच्या पुलावर उतरवीन.

पेडणेकर: आणि मी?