मदत हवी आहे: अण्णांची तिकिटांची पेटी जपायची आहे

नमस्कार मंडळी. मी एसटीत चालक. माझ्या गाडीवरचे वाहक अण्णा गेल्या महिन्यात गेले. अकरा वर्षं त्यांच्या डबल बेलवर गाडी हलवली. अजूनही स्टँडवरून निघताना कान मागेच असतो.

वहिनींनी त्यांची मशीनच्या आधीची तिकिटांची पत्र्याची पेटी आणि चिमटा डेपोला दिलाय. चिमट्याची मूठ अंगठ्यापाशी झिजून चकचकीत झालीय. १ जूनला, एसटीच्या वर्धापनदिनी (१९४८ साली याच दिवशी पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली), हे सगळं काचेआड मांडायचंय.

पण पत्रा गंजलाय आणि रंगीत तिकिटांचे गठ्ठे ओल लागून चिकटलेत. न फाडता सुटे कसे करू? झाकणावर त्यांनी खिळ्याने कोरलेला बिल्ला नंबर आहे, तो गंजासोबत जायला नको. कुणी केलंय का असं काम?