हेडीसने तुमचं काय घोडं मारलंय?

पाताळयंत्री

मंडळी, नवा धागा काढतोय. शनिवारी भाचीला घेऊन डिस्नेचा १९९७ सालचा 'हर्क्युलिस' पुन्हा पाहिला. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण संपल्यावर ती म्हणाली, "मामा, हेडीस म्हणजे सैतान ना?" आणि माझी सटकली.

अहो, ग्रीक पुराणांत तीन देवभावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश मिळालं, पॉसायडनला समुद्र, हेडीसला पाताळ. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात हे पॉसायडन स्वतः सांगतो, आणि झ्यूसच्या दादागिरीबद्दल कुरकुरतोही तोच. हेडीसची तक्रार कुठेच नाही. वाट्याला आलेलं राज्य सांभाळतो, बाहेर फारसा पडत नाही. गादीसाठी कट करून टायटनांना (झ्यूसने हरवलेल्या जुन्या देवांना) मोकळं सोडणारा हेडीस हा सिनेमावाल्यांचा शोध.

२०१० च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मध्येही हेडीसच कारस्थानी आणि क्रॅकन हा समुद्रराक्षस सोडणाराही तोच. मूळ कथेत राक्षस पाठवतो पॉसायडन, कारण राजकन्या ॲन्ड्रोमिडाच्या आईने सागरकन्यांपेक्षा सरस असल्याची फुशारकी मारलेली असते. हेडीसचा संबंध इतकाच, की अदृश्य करणारं त्याचं शिरस्त्राण तिला वाचवणाऱ्या पर्सियसच्या डोक्यावर असतं. म्हणजे त्या बिचाऱ्याची वस्तू नायकाच्या कामी आली आणि वर व्हिलनही तोच! (क्रॅकन हे नाव नॉर्वेकडचं. ते ग्रीसला कसं पोचलं देव जाणे.)

वर देव, खाली सैतान हा ख्रिस्ती साचा आहे, त्यात हेडीसला कोंबलाय. आपल्याला तरी हे खटकायला हवं. आपण यमाला धर्मराज म्हणतो. नचिकेताला तो दारात तिष्ठत ठेवल्याबद्दल वर देतो. मेलेल्यांचा राजा दुष्ट नसतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

कडू कारलं

यमाची वकिली जोरात आहे, पण अशील बदललंय. त्याच इलियडमध्ये नवव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन म्हणतो की हेडीस कशानेच बधत नाही, म्हणून माणसांना सगळ्या देवांत तोच सर्वांत नकोसा. तेव्हा ग्रीकांना तो लाडका होता असं नका भासवू.

आता डिस्नेचं. मुलांच्या सिनेमात झ्यूसची लफडी दाखवणार होते का? मूळ कथेत हेराक्लिस (म्हणजेच हर्क्युलिस) हा झ्यूसपासून झालेला अल्कमीनी नावाच्या मर्त्य बाईचा मुलगा. झ्यूसची बायको हेरा सावत्र, आणि पाळण्यात साप सोडणारी. लफडं काढलं की हेराला आई करावं लागतं. ती प्रेमळ आई झाली की तिचं वैर कुणाच्या तरी गळ्यात मारावं लागतं. हेडीस रिकामाच बसला होता. सिनेमात ते साप त्याच्याच चेल्यांचे होतात, बघा. पटकथेची गरज आहे ही, धर्मांतर नाही.

आणि 'मूळ' म्हणजे कुठलं? ग्रीक नाटककार युरिपिडीसने इ.स.पू. ४१२ मध्ये हेलनवर नाटक केलं. जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध झालं तीच ही हेलन. त्यात ती ट्रॉयला गेलेलीच नाही! इजिप्तमध्ये बसलीय आणि ट्रॉयला तिची नुसती छाया. दहा वर्षांचं युद्ध एका छायेसाठी. तेव्हा अथेन्समध्ये कुणी धागा काढला होता का?

आपल्याकडेही खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली आलं, प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. जुनी पात्रं वाकवण्यासाठीच असतात.

ट्रॉयची सून

कारलं, वाकवणं आणि मोडणं यात फरक असतो. २००४ चा 'ट्रॉय' घ्या. देव काढून टाकले, ठीक. नायक अकिलीसच्या जिवलग पॅट्रोक्लसला त्याचा चुलतभाऊ केला, का ते सगळ्यांना कळलं (दोघांत प्रेम दिसू नये म्हणून). पण ॲगमेम्नॉनला ट्रॉयमध्येच मारला, तोही युद्धात पकडलेल्या ब्रायसीसच्या हातून! मग तिकडे त्याच्या बायकोने, क्लायटेम्नेस्ट्राने काय करायचं? जहाजांना वारा मिळावा म्हणून नवऱ्याने पोटची पोर बळी दिलीय. ही बाई दहा वर्षं तो राग जपून बसलीय. तो घरी पोचल्यावर त्याचा काटा काढते, पुढे मुलगा तिला मारतो, त्यावर अख्खी नाटकं उभी आहेत. एका सुरीने सगळं साफ. हेलनचा नवरा मेनेलॉसही ट्रॉयच्या राजपुत्र हेक्टरच्या हातून जातो, आणि होमरच्याच ओडिसीत तर तो स्पार्टात हेलनबरोबर सुखाने (बरं, सुखाने असं वाटत तरी) नांदतोय.

ट्रॉयचा राजा प्रायम मुलाचं, हेक्टरचं, प्रेत मागायला येतो तो प्रसंग मात्र सोन्यासारखा आहे. तिथे होमरला फारसा हात लावला नाही.

पाताळयंत्री

सूनबाई, +१००. कारलं, हेराचा मुद्दा मान्य, असा विचार केला नव्हता. पण युरिपिडीसने हेलन बदलली तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला: मग एवढे लोक मेले कशासाठी? हेडीसला सैतान केल्यावर कुठला प्रश्न उभा राहतो? उलट होता तो मिटतो. ग्रीकांचा हेडीस नकोसा आहे कारण तो लाच घेत नाही. पडद्यावरचा हेडीस सतत सौदेच करतो!

डाळिंबाचे दाणे

हेडीसभक्तांनो, त्याने पळवून नेलेल्या बायकोला, पर्सेफनीला विचारलंत का? हल्ली इंटरनेटवर त्या दोघांच्या गुलुगुलू प्रेमकथांचा सुळसुळाट झालाय, आईच्या जाचातून सुटलेली पोरगी वगैरे. तिची आई डिमीटर, तिच्या प्राचीन स्तोत्रात ती रथातून किंचाळत जाते. परवानगी बापाने दिलेली, आईला पत्ताच नाही. परत निघताना हा गुपचूप डाळिंबाचा दाणा खायला घालतो, आणि वर्षाचा तिसरा हिस्सा तिला कायमचं पाताळात राहावं लागतं. सैतान केलेला नको, तसा गुलाबी केलेलाही नको.

कडू कारलं

मग मेड्युसाचं काय करायचं? (तीच, जिच्याकडे पाहिलं की माणसाचा दगड होतो.) ग्रीक कवी हेसिऑडकडे ती गॉर्गन या राक्षसी बहिणींतलीच एक. शाप नाही, देऊळ नाही. रोमन कवी ओव्हिडकडे ती सुंदर मुलगी, देवळात तिच्यावर बलात्कार होतो आणि देवी शिक्षा तिलाच देते. दोघांत सातेकशे वर्षं. आज सगळे ओव्हिडवालीच 'खरी' म्हणतात, कारण ती आपल्याला पटते. पाताळयंत्री, तुम्हाला धर्मराजासारखा हेडीस पटतो, इतकंच.

पाताळयंत्री

असेल. तरी सैतान नव्हता तो नव्हताच.

एक कबुली देऊन टाकतो. भाचीने पुढे विचारलं, "मग हर्क्युलिस आणि मेगचं लग्न झालं का?" मी म्हटलं, "झालं की. मुलंही झाली." आणि आइस्क्रीम आणायला उठलो. वेडाच्या भरात तो त्या मुलांना मारतो, युरिपिडीसकडे तर मेगारालाही (म्हणजे मेगलाच), हे नऊ वर्षांच्या पोरीला कसं सांगणार?

कडू कारलं

म्हणजे डिस्नेने जे केलं तेच. फक्त आइस्क्रीम जास्तीचं.

ट्रॉयची सून

कुठलं होतं?

पाताळयंत्री

सीताफळ. डाळिंबाचं मिळालं नाही.