जपानचे १९९५ : युगान्त की कॅलेंडरचा योगायोग?

कोरा कागद (धागाकर्ता)

युद्धोत्तर जपानच्या इतिहासाचे दोन भाग करायचे झाल्यास रेघ १९९५ सालावर ओढावी, असे माझे मत आहे. त्या वर्षी १७ जानेवारीला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे परिसर भूकंपाने हादरला आणि ६,४३४ माणसे दगावली. २० मार्चला ऐन गर्दीच्या वेळी ओम शिनरिक्यो पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत पाच गाड्यांमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पिशव्या ठेवल्या आणि छत्रीच्या टोकदार केलेल्या दांड्यांनी त्या भोसकून सारीन हा विषारी वायू सोडला. ऑगस्टअखेर ह्योगो बँक बुडाली. युद्धानंतर जपानमध्ये बँक बुडण्याची ती पहिलीच वेळ होती. डिसेंबरमध्ये मोंजू अणुभट्टीत तिला थंड ठेवणाऱ्या सोडियमची गळती झाली, तेव्हा भट्टी चालवणाऱ्या सरकारी संस्थेने चित्रफितीतला अडचणीचा भाग कापून उरलेला तेवढा लोकांना दाखवला.

या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत, हे मान्य. तरीही वरची मंडळी जाणती आहेत आणि वेळ आली की धावून येतील, या समजुतीला प्रत्येक घटनेने तडा दिला. कोबेत स्वसंरक्षण दलाला, म्हणजे जपानच्या सैन्याला, पाचारण करण्याची ह्योगोच्या (कोबे ज्या प्रांतात आहे त्याच्या) गव्हर्नरांची रीतसर विनंती गेली ती सकाळी दहाला, म्हणजे भूकंपानंतर चार तासांनी. तोवर नागाता भागातली चपलाबुटांची छोटी कारखानावजा घरे पेटली होती आणि जलवाहिन्या फुटल्याने अग्निशमन दलाच्या हाती पाइप होते, पाणी नव्हते.

वाटसरू

मांडणी आकर्षक आहे, परंतु एका वर्षात चार बातम्या आल्या म्हणजे युग पालटले, हे मला पटत नाही. टोकियोचा शेअर निर्देशांक ३८,९१५ च्या शिखरावर पोहोचला तो २९ डिसेंबर १९८९ रोजी, आणि घसरण लगेच सुरू झाली. ह्योगो बँक १९९५ मध्ये बुडाली खरी, पण जमिनीच्या भावांवर विसंबून दिलेल्या कर्जांची वाळवी तिला कितीतरी आधी लागलेली होती. ओमचेही तेच. या पंथाला धार्मिक संस्था म्हणून अधिकृत नोंदणी मिळाली १९८९ मध्ये, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंथाविरुद्ध लढणारा एक वकील, त्याची पत्नी व तान्हे मूल नाहीसे झाले. त्यांचे मृतदेह हाती लागले १९९५ च्या सप्टेंबरात. हे अपयश सहा वर्षे चालूच होते. ते त्या वर्षी दिसले, इतकेच.

भूकंपाबाबत तर आपला रोख चुकतो आहे. बळी गेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक जुन्या लाकडी घरांखाली चिरडून किंवा गुदमरून मेले, आणि त्यातल्या बहुतेकांचा प्राण पहिल्या काही मिनिटांतच गेला, असे शवतपासणीत आढळले. किल्लारीत १९९३ साली जे काम माळवदांच्या मातीने केले, ते कोबेत मातीवर बसवलेल्या जड कौलांनी केले. उलट १९८१ च्या सुधारित बांधकाम नियमांनुसार उभ्या राहिलेल्या इमारती बऱ्याच अंशी टिकल्या. मग सरकार नालायक ठरले की त्याचा चौदा वर्षांपूर्वीचा नियम खरा ठरला? विनंती दहाऐवजी सहाला गेली असती तरी मृतांचा आकडा फारसा बदलला नसता.

कोरा कागद (धागाकर्ता)

कारणे जुनी आहेत, यावर आपला वादच नाही. मी लोकांच्या वागणुकीबद्दल बोलतो आहे. भूकंपानंतरच्या वर्षभरात १३ लाखांहून अधिक स्वयंसेवक कोबे परिसरात येऊन गेले, आणि त्यातल्या अनेकांच्या गाठीशी असल्या कामाचा अनुभव नव्हता. त्या काळी नागरिकांच्या एखाद्या गटाला कायदेशीर संस्था व्हायचे असेल, तर सरकारी खात्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे. ती वाट १९९८ च्या कायद्याने मोकळी केली. अर्थकारणाचेच बोलायचे, तर १५ ते ६४ वयोगटाची लोकसंख्या १९९५ मध्ये सुमारे ८.७ कोटींवर पोहोचून तिथून उतरणीला लागली. शिवाय मालकवर्गाच्या महासंघाने त्याच वर्षी मे महिन्यात कामगारांचे तीन गट पाडून आजन्म नोकरी फक्त एका गटापुरती ठेवण्याची शिफारस केली. शेअर बाजार कोसळल्याने गुंतवणूकदार पोळले. या शिफारशीची झळ मात्र पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या सामान्य मुलांना बसली.

उंबरठा

दोघेही मुख्य बेटाबद्दलच बोलत आहात, म्हणून मध्ये पडतो. सप्टेंबर १९९५ मध्ये दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या शाळकरी मुलीचे अपहरण करून तिच्यावर बलात्कार केला आणि २१ ऑक्टोबरला गिनोवान इथे ८५,००० लोक निषेधाला जमले. जपानच्या भूमीपैकी जेमतेम ०.६ टक्के जमीन असलेल्या या बेटांवर अमेरिकी तळांचा सुमारे तीन चतुर्थांश भार होता. सरकारवरचा विश्वास १९९५ मध्ये तुटला, असे धागाकर्ते म्हणतात. जो प्रदेश १९७२ पर्यंत अमेरिकेच्या अमलाखाली सोडून दिलेला होता, तिथे तो विश्वास होता तरी कधी?

ओकिनावाचे गव्हर्नर ओता मासाहिदे यांनी तळांच्या जमिनींच्या भाडेकरारांवर, सही न करणाऱ्या जमीनमालकांच्या वतीने, सही करायला नकार दिला. त्यावर पंतप्रधान मुरायामा यांनी डिसेंबरमध्ये त्यांना न्यायालयात खेचले. याच मुरायामांनी १५ ऑगस्टला आशियाई देशांची युद्धातील अत्याचारांबद्दल क्षमा मागितली होती, आणि ते समाजवादी होते (हा पक्ष पुढे का आटला, याचे निम्मे उत्तर इथेच असावे). माझ्या मते त्या वर्षी युग वगैरे काही बदलले नाही, निदान दक्षिणेकडे तरी.

वाटसरू

उंबरठा यांच्या मुद्द्यात भर घालतो. घर गमावलेल्यांना सरकारी तिजोरीतून थेट मदत मिळावी, यासाठी कोबेच्या लोकांनी चळवळ केली आणि १९९८ मध्ये तसा कायदाही झाला. कमाल मदत १० लाख येन, आणि पूर्वलक्षी प्रभाव नाही, म्हणजे कोबेकरांच्या घरांना त्यातून छदामही नाही. स्वयंसेवकांचे नवे पर्व म्हणून आपण ज्याचे कौतुक करता, त्यात सरकारची जबाबदारी लोकांच्या खांद्यावर ढकलण्याचा भागही आहे.

कोरा कागद (धागाकर्ता)

ढकलली असेल, पण तो कायदा तिथेच थांबला नाही. २००४ मध्ये मर्यादा ३० लाख येनवर नेण्यात आली आणि २०११ च्या त्सुनामीत घरे वाहून गेलेल्यांना याच कायद्याखाली रक्कम मिळाली. १९९४ मध्ये असा भूकंप झाला असता तरी हेच घडले असते, असे आपल्याला म्हणायचे असेल तर तसे म्हणा. मग त्या आधीच्या पन्नास वर्षांत जपानमध्ये एवढे भूकंप होऊनही हा कायदा का झाला नाही, तेही सांगा.