प्रतिसाद: उजनीतले पहिले दिवस

उजनी धरणाच्या जलाशयातल्या काही दिवसांच्या बोटसफरीबद्दल 'सुरुवातीला सगळे ताजेतवाने असतात, तेव्हाच जास्त अंतर कापा' हे वरचं म्हणणं पटलं नाही. चार बोटी एकत्र निघाल्या की पहिले एकदोन दिवस वेग जुळवण्यातच जातात. सगळ्यात हळू बोट पुढं ठेवायची, मग बाकीचे आपोआप ताळ्यावर येतात!

वाऱ्याचं मात्र कुणीच बोललं नाही. उन्हाळ्यात उजनीवर दुपारनंतर वारं अचानक उठतं. कुगाव-कळाशी या काठच्या गावांदरम्यान मे २०२४ मध्ये अशाच वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. आम्ही करमाळ्याकडच्या काठानं जाताना ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायचो. बाकी धरण 'वजा'त गेलं (म्हणजे उपयुक्त साठा संपून फक्त तळाचा मृतसाठा उरला) म्हणून बेत रद्द करू नका. ११७ टीएमसीतला निम्म्याहून जास्त मृतसाठाच आहे, पाणी असतंच. फक्त काठाला गाळ आणि मच्छीमारांची जाळी. ती बोटीच्या पंख्यात अडकली की अर्धा दिवस गेलाच.