नाशिकहून वसई किल्ला, एका दिवसात?

आईबाबांसोबत नाशिकरोडहून सकाळी निघून रात्री परतायचंय. कसं जमवू?

उत्तर १: पंचवटी एक्सप्रेसने दादर गाठा, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची विरार लोकल धरा. बोरिवली लोकल वसईपर्यंत जात नाही, फलक नीट वाचा. वसई रोडला पश्चिमेला उतरून किल्ल्यापर्यंत रिक्षा करा. दादरला न जाता वसईला नेणाऱ्या दिवा-वसई गाड्या मोजक्याच, त्यांच्यावर विसंबू नका.

उत्तर २: परतीची पंचवटीच धरायची तर किल्ल्यातून साडेतीनला निघाच. पाणी सोबत हवंच.
चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेलं हे तटबंदीतलं पोर्तुगीज शहर फार सुंदर आहे! सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातला गोल जिना मात्र अरुंद, अंधारा. आईबाबांना खालीच थांबवा. नागेश्वराचं मंदिर, मग बंदर दरवाजा चुकवू नका.