शेतीसंरक्षणाची बंदूक: नोंद हवी, पण जमा का करायची?

बांधावरचा (धागाकर्ता):
सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक वाडीत एखादी तरी असते. बहुतेक ठासणीच्या (नळीत दारू ठासून उडवायच्या), काही काडतुसाच्या. नंबर, नाव, पत्ता, सगळं पोलिसांकडे नोंदलेलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण निवडणूक लागली की आमच्याकडे त्याच यादीवरून निरोप येतो, ठाण्यात जमा करा. २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. भात कापणीला आलेलं आणि रानडुकरांची चैन! सरसकट जमा करून घेऊ नका, छाननी समितीने ज्याचं त्याचं प्रकरण बघावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच होतं. उद्या हीच यादी कायमच्या जप्तीला वापरणार नाहीत कशावरून?

नोंदवही:
तीन बंदुका बाळगणारा शेतकरी दाखवा, मग बोलू. डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुखांची हत्या झाली तेव्हा बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं. पुढे शंभराहून जास्त रद्द झाले. लग्नात, वाढदिवसाला कमरेला पिस्तूल लावून फिरणारे हे लोक. यादीच नसती तर कुणाचे रद्द केले असते? तुम्ही ज्याला जप्ती म्हणताय, त्याचसाठी नोंद असते.

माडाखालचो:
डुकरांका आचारसंहिता कोणी वाचून दाखवची?

नोंदवही:
विनोद ठीक आहे. पण वनखात्याच्या परवानगीशिवाय त्या बंदुकीने डुक्कर मारताही येत नाही. म्हणजे कायद्याने उरतो तो आवाज, आणि आवाजाला फटाके आहेत. रात्री शिकारीला गेलेल्यांची आपसातच गोळी लागून माणसं गेल्याच्या बातम्या कोकणातूनच येतात, त्यावर धागा कधी?

माडाखालचो:
फटाक्यांका माकडा चार दिवसांत सवकतत. तुमी एक पावसाळो हय येवन रवा, मगे सांगा.

जुनी पानं:
भीती आजची नाही. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात परवान्याची सक्ती हिंदी माणसाला, युरोपियनांना सूट. म्हणून १९३१ च्या कराचीच्या ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. घटना समितीत ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालायची सूचना मांडली, ती फेटाळली गेली. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, सवलत आहे. तेव्हा ‘आज नोंद, उद्या जप्ती’ असले अमेरिकेतले युक्तिवाद इथे उचलून आणण्यात अर्थ नाही. सवलत मात्र उदार असू शकते. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडव समाजाला आजही परवान्यातून सूट आहे, २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

बांधावरचा:
@नोंदवही, बीडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. तिथे माणूस बघून परवाने रद्द झाले: गुन्हे कुणावर, गरज कुणाला. तसंच आमचं बघा एवढंच म्हणतोय. ज्याच्यावर एक गुन्हा नाही त्या सत्तरीच्या म्हाताऱ्याने ठासणीची नळी खांद्यावर टाकून एसटीने तालुक्याला जायचं, आणि बिननोंदीचा गावठी कट्टा घरात निवांत! शिकारीचं म्हणाल तर जो धरला जाईल त्याचा परवाना काढून घ्या, मी टाळ्या वाजवीन.

नोंदवही:
माणूस बघून ठरवायचं तर ते बघणार कोण? समितीत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक. निवडणुकीच्या धामधुमीत एकेक प्रकरण वाचायला त्यांना सवड नाही. एखादं सुटलं आणि गोळी चालली, तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाईल. म्हणून सगळ्यांच्याच जमा करतात. त्यात आकस नाही, कातडीबचाव म्हणा हवं तर.

बांधावरचा:
मग छाननी सप्टेंबरात करा, आचारसंहितेची वाट कशाला?

काजूबी:
वाद चालू द्या. जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर आणि नळी-दस्त्याची अवस्था लिहून घ्या. आमची परत आली ती गंजलेली. आणि परवानाधारक वारले असतील तर बंदूक घरात ठेवू नका, आधी जमा करा आणि वारसाने नव्या परवान्याचा अर्ज घाला. नाहीतर तीच बिनपरवान्याची ठरते.